जकात

सोहारला, हमूदशेठच्या मजलिशीत
गुरुवारी रात्री कराचा विषय निघतो.
मी दाराजवळच्या गादीवर, मांडीवर वही.
आकडा विचारला तर सांगायचा.
मत कोणी विचारत नाही, आणि तेच बरं.

हमूदशेठ म्हणतात, आयातीवर वाढवा.
बोट दिसते, पेटी दिसते,
दिसतं त्यावर पट्टी बसवणं सोपं.
त्यांच्या सहा इमारती आहेत.
त्या बोटीतून उतरलेल्या नाहीत.

शमसा, त्यांची धाकटी, शिकून परत आलेली,
पुढ्यातल्या ताटावर बोट ठेवते:
बाबा, यात आपलं काय आहे?
तांदूळ बाहेरचा, बकरी सोमालियाची, केशर इराणचं,
ताटसुद्धा चीनचं.
पेटीवर कर म्हणजे भुकेवर कर.
घरांवर बसवा. घर उचलून कोणी दुबईला नेत नाही.

खजूर आपला, हमूदशेठ म्हणतात.
खजूर आपला, ती कबूल करते,
आणि एक तोंडात टाकते.

मुसल्लमकाका इतका वेळ गुडघा चोळत बसलेले.
वाळूत बापाने खांब रोवले, म्हणतात,
आता माझ्याच छपराचं मी भाडं भरू?
तेल आहे तोवर कर कशाला,
आणि तेल संपल्यावर घर तरी कशाला?
यावर कोणी हसत नाही.

मग कोणीतरी म्हणतं, आम्ही ज़कात देतोच की.
आणि तो शब्द आला की
मिरजेच्या नाक्यावर माझे वडील उभे राहतात.
आडवा बांबू, त्याच्या टोकाला दगड बांधलेला,
कानावर पेन्सिल, बोटांना कार्बनची निळाई,
ट्रकच्या चाकाशी वाकून ताडपत्री वर करणारे.
इथे हा शब्द देवाचा. चाळिसावा हिस्सा, गरिबाच्या हातात.
आमच्याकडे पोचेपर्यंत त्याला बांबू फुटला,
पावतीपुस्तक फुटलं, चहापाणी फुटलं.
वाटेत कुठेतरी त्या शब्दानेही
जकात भरली असणार.

नाका उठला तेव्हा दोन महिने
वडील रोज जाऊन तिथेच उभे राहायचे.
गाड्या न थांबता जायच्या.
पैशाचं काही नाही रे, म्हणायचे,
पण एकानेही हॉर्न वाजवला नाही.

साडेदहाला हमूदशेठच्या भाच्याचा फोन उजळतो.
पिंपामागे चार डॉलर वर.
तो आकडा मोठ्याने वाचतो, मग पुन्हा एकदा वाचतो,
आणि खोलीतले सगळे खांदे एकदम खाली येतात.
कहवा पुन्हा फिरतो.
मुसल्लमकाकांचा गुडघासुद्धा बरा दिसतो.
कोणाच्या तरी उंटिणीची गोष्ट निघते, लांबते.
शमसा एकटी विचारते, आणि उतरला की?
उतरला की बघू.
ती आपला कागद चार घड्या घालून
खजुराच्या बशीखाली सरकवते.

आमच्या भाषेत कर बसतो.
इथे आज तो दाराशी
चपलांजवळ उभाच राहिला.

खोलीवर आलो. परकारने भात लावलेला.
दाराला चिकटवलेला कागद त्याने काढून आणला होता,
अरबी त्याला येत नाही, म्हणून माझ्यासमोर धरला.
मला वाचायची गरज नव्हती.
मंगळवारी मीच टाइप केला होता,
तारीख तपासली होती, शिक्का सरळ मारला होता:
संभाव्य मालमत्ता करापोटी, पुढच्या महिन्यापासून,
भाड्यात पंधरा रियाल वाढ.
खाली इमारत क्रमांक तीन, आणि हमूदशेठची सही.

कसला कर? परकारने विचारलं.
अजून ठरलेला नाही, मी म्हणालो.
तो कुकरच्या शिट्ट्या मोजत होता.
मध्येच चुकला.