मागचा जिना

आधी टेप धरला पुढच्या जिन्याला.
पायरीची उंची सहा इंच.
ओकचा कठडा, तळाच्या खांबावर कोरलेलं अननस,
त्याचे खवले तळहातांनी
दीडशे वर्षांत बोथट केलेले.
या जिन्यावर धाप लागत नाही,
झगा फार उचलावा लागत नाही.
इथे माणूस चढत नाही,
वर नेला जातो.

मिसेस सटक्लिफनी किल्ल्यांचा जुडगा चाचपला.
"आता तो दुसरा मोजा."

दुसऱ्याकडे जाणारं दार
दिवाणखान्याकडून महोगनी,
पितळी मूठ, तोंड दिसेल असं पॉलिश.
उघडलं, तर पाठ साध्या पाइनची,
तपकिरी रंगाचा एक हात, बस्स.
दार एकच.
कोणती बाजू कोणाची
हे सुताराला न सांगता कळलं असेल.

मागची पायरी : साडेआठ.
पुन्हा मोजली. साडेआठ.
बारावी तर पावणेनऊ.
खिडकी नाही.
वळणावर भिंतीला कमरेच्या उंचीवर
काळपट घासलेला पट्टा,
कोळशाची बादली इथेच टेकत असणार.

लोकरीच्या व्यापाऱ्याने हॅलिफॅक्सच्या टेकडीवर
मनोरा चढवला,
रंगीत काचेत मेंढ्या चरायला सोडल्या,
छताच्या प्लास्टरमधून द्राक्षं लोंबवली,
सोळा धुराडी आभाळात रोवली
आणि अडीच-अडीच इंच
इथे, अंधारात,
दुसऱ्याच्या गुडघ्यांतून वसूल केले.

तळघरात घंटांची रांग.
अकरा घंटा, प्रत्येकीचा सूर निराळा,
खाली पांढऱ्या अक्षरांत खोल्यांची नावं.
"दाखवते गंमत," म्हणत मिसेस सटक्लिफ वर गेल्या
(पुढच्या जिन्याने; दोन्ही गुडघे बदललेत त्यांचे).
कुठली दोरी ओढणार, सांगितलं नाही.
मी मुद्दाम पाठ करून उभा राहिलो.

वाजली.
थांबली.
वळून पाहिलं
तर घंटा मुकी,
पण तिच्या स्प्रिंगला टांगलेला लोलक
अजून हलत होता.
तशी सोयच ठेवलेली :
भांडी घासणारी पोर
ओले हात घेऊन पळत येईपर्यंत
आवाज विरला, तरी तिला दिसावं
कोण बोलावतंय.

सकाळची बैठक, असं लिहिलं होतं खाली.
मी हात पँटला पुसले
आणि निघालो.
तिसऱ्या पायरीवर दम लागला
तेव्हा लक्षात आलं,
कुठल्या जिन्याने.