रद्द ओळ

जेल रोडला रस्ता खोदलेला, फायबर तुटून चौथा दिवस,
म्हणून खैरनारकाकांच्या जुन्या डब्यात
मी डीव्हीडीवरूनच चढवली अख्खी सिस्टीम.
ड्राइव्ह बिटकोजवळच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याचा,
संध्याकाळी परत करायच्या बोलीवर आणलेला.
केला परत.

आज नेट आलं.
अपडेट म्हटलं, तर पडद्यावर एकच मागणी:
डिस्क आत घाला आणि एंटर दाबा.
दाबलं एंटर. पुन्हा तेच.
बाहेर एवढं जग पडलंय, पण याला ठाऊक
फक्त ती चकती, जिच्यातून हे निघालं.
"ती परत गेली हे
सांगितलंय का कुणी त्याला?" काका म्हणाले.

यादीची फाइल उघडली. आत एकच ओळ, चकतीची.
माझं बोट डिलीटवर गेलं
तसं काकांनी मनगट धरलं.
"पुसू नको."
तेहतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, तपासणीवर.
"बिघडलेला कागदही आम्ही फेकत नव्हतो.
रद्दचा शिक्का, वहीत नोंद, मग पेटीत.
एक कागद कमी भरला की अख्खी पाळी गेटच्या आत.
थोरलीच्या बारशाला मी रात्री अकराला पोचलो,
बायका घुगऱ्या खाऊन घरी गेलेल्या."

मी ओळीपुढे हॅशची खूण ठेवली.
ओळ फिकट झाली, पण जागची हलली नाही.
मशीन आता ती वाचणार नाही,
आपण वाचू शकतो.
खाली नवे पत्ते लिहिले, एक मुख्य, एक सुरक्षेचा.
सुरक्षेचा काकांनी अक्षर अक्षर लावून तपासला
आणि माझी एक सुटलेली तिरकी रेघ पकडली.

पुन्हा अपडेट. आता तक्रार वेगळी:
सही अजून वैध नाही.
"अजून?"
बघितलं तर आतला बटणसेल मेलेला,
मशीनच्या लेखी आज एक जानेवारी दोन हजार दहा,
आणि जगातल्या सगळ्या सह्या पुढच्या तारखांच्या.
"मग बरोबर आहे त्याचं.
असला कागद मीही घेतला नसता."
जरा वेळाने म्हणाले,
"दोन हजार दहा. मी दुसऱ्या पाळीला होतो.
ही होती तेव्हा."

पंखा कुरकुरत होता.
"आम्ही घड्याळं भोंग्यावर लावायचो. याला भोंगा नाही?"
आहे, म्हटलं, नेटवर.
त्यांच्याकडे न बघता मी तो चालू केला
आणि एका क्षणात वर्षं निघून गेली.

मग ओळी धावल्या, सह्या जुळल्या,
आणि तळाशी येऊन थांबलं सगळं:
दोनशे सतरा पॅकेजेस नवी होतील.
पुढे जायचं? हो की नाही?

मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.
त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला,
लाइटबिल पालथं केलं, खिशातून पेन काढलं.
"थांब," म्हणाले,
"आधी मोजू दे."