जमातीच्या रकान्यात

सूरच्या इस्पितळात माझी पाळी दुपारची.
आठ खाटा, आठ यंत्रं, भिंतीवर एकच टीव्ही,
आणि रिमोट माझ्या ॲप्रनच्या खिशात.
रक्त बाहेर येतं, धुतलं जातं, परत जातं.
चार तास लागतात.
चार तास माणूस बघणार तरी कुठे?

रमजान सरून महिना झाला होता, तरी ती मालिका
पुन्हा पहिल्यापासून लागली होती.
तीस भाग. गलबतं, लवंगांची बेटं,
आणि बारा वर्षांची एक मुलगी, जिचे दात
भर बाजारात एक माणूस अंगठ्याने मोजतो.

तिसऱ्या खाटेवरून जुमा बिन फरज म्हणाले, आवाज वाढव.
चौथ्या खाटेवरून हमूद बिन सैफ म्हणाले, चॅनल बदल.
दोघांत एका पडद्याचं अंतर.
दोघांची जमात एकच, कागदावर.
एकाला ती बापाकडून आली,
दुसऱ्याच्या आजीला, विकत घेणाऱ्याकडून.
हे मला जुमांच्या नातीने सांगितलं, झुवैनाने,
कँटीनमध्ये, चहा गार होईपर्यंत.

मी म्हटलं, रिमोटचे सेल संपलेत.
तीन आठवडे ते संपलेलेच होते.

गावात तोवर काय काय झालं.
न्हाव्याने आरशावर चिठ्ठी लावली,
इथे मालिकेवर बोलू नये.
एक ठरलेलं लग्न मोडलं, म्हणे.
हलव्याच्या दुकानातला टीव्ही मागच्या खोलीत गेला
आणि गिऱ्हाईकही त्याच्यामागे गेलं.
झुवैनाने आजोबांना विचारलं, बाबू, आपण कुठले?
सूरचे.
त्याआधी?
समुद्राचे, म्हणाले, आणि कूस बदलायला गेले,
पण हातात सुया होत्या.

एकविसाव्या भागाच्या दिवशी
हमूद एक वही घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत,
त्यांच्या आजोबांच्या गलबताची.
मला म्हणाले, मधला पडदा सार.
मग चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले:
खजूर. सुंभ. खारफुटीचे वासे. खारवलेली मुशी.
डोकी दोन, पैकी एक लहान.
नाव नाही, जुमांनी विचारण्याआधीच ते म्हणाले.
जुमांनी नाव विचारलंच नाही.
किती पडले?
हमूदनी आकडा सांगितला.
आणि वाशांचे?
तोही सांगितला.
जुमा हसले. इतके, की यंत्र किंचाळायला लागलं.
महाग होती की माझी आजी!
हमूद हसले नाहीत.
मी अलार्म बंद केला, रक्तदाब लिहिला,
दोन्ही खाटांचा.

माझं म्हणाल तर मी राजपुरीची.
वंशावळी वाचणारे भाट वरच्या आळीत यायचे,
आमच्या वाडीकडे त्यांचा पाय कधी वळला नाही.
आजा शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं.
आजा गप्प. मास्तरांनी गावाचंच नाव लिहून टाकलं.
खिडकीतून पाण्यातला किल्ला दिसायचा.
सहलीला सांगायचे, अजिंक्य.
तिथे राज्य केलेल्यांतले काही
आधी बाजारात उभे होते,
हे मला इथे येऊन, पन्नाशीला टेकल्यावर,
एका मालिकेमुळे सुचावं?

इथल्या अर्जात जमात असा एक रकाना होता.
मी रेघ मारली.
रेघ चालत नाही, कारकून म्हणाला,
आणि त्यानेच लिहिलं, हिंदी.
चौदा वर्षं झाली. मी ते खोडलेलं नाही.

शेवटच्या भागाला जुमांना झोप लागली.
शेवटी गाणं वाजलं, नावं वर सरकू लागली,
तेव्हा डोळे उघडून त्यांनी शेजारी विचारलं,
त्या पोरीचं पुढे काय झालं?

हमूद यंत्राकडे बघत राहिले.
नळीतून लाल रेघ गोल फिरत होती.
अजून चाळीस मिनिटं बाकी होती
आणि उठून जाता येत नव्हतं.