तीन शिवांचा धोंडा

सभा कुणाच्या चावडीत घ्यायची
यातच तीन महिने गेले.
बोरखेड्यात जायला निमझरी तयार नव्हती,
बोरखेड्याला हातेडीचा चहा चालत नव्हता,
पालिकेचे साहेब म्हणत, तुम्हीच या शहरात,
आमच्या हॉलला पंखे आहेत.

शेवटी कौतिक अण्णा म्हणाला, तळ्यातच बसू.
नाहीतरी रिकामंच आहे.

मी निमझरीची ग्रामसेविका.
इतिवृत्ताची वही काखेत, चपला हातात,
चिंचटी तळ्याच्या पोटात उतरले.
वरून भेगाळलेला गाळ आत ओला होता अजून,
टाच धरून ठेवत होता.
उत्तरेला सातपुडा, उन्हानं पांढरा पडलेला.
सतरंजी अंथरली ती धोंड्यापाशी.

तीन अंगांना तीन खुणा, कुठल्या जुन्या मोजणीतल्या.
पाणी होतं तोवर धोंडा कुणाला ठाऊक नव्हता,
भोयांच्या जाळ्यालाच तेवढा सापडायचा.
रेजाबाई सांगते, तिचा सासरा आधी त्याला शिवी द्यायचा,
मग पाया पडायचा.
पाणी उतरलं, धोंडा वर आला,
त्याच्या पाठोपाठ भांडण.
पानी आमनं शे.
मंग गाळ तुमना.

हातेडीनं केळीसाठी पाट फोडला.
बोरखेड्यानं काठ नांगरला, आधी मिरची लावली,
मग कपाशी,
मग सातबाऱ्यावर नाव.
पालिकेनं गटार सोडलं
आणि कागदावर त्याला नाला म्हटलं.
आम्ही निमझरीवाले नुसते बघत राहिलो
आणि बघण्याचेही पैसे घेतले:
मासेमारीचा लिलाव, सलग सात वर्षं,
मासे नसलेल्या तळ्याचा.
हे शेवटचं मी वहीत लिहिलं नाही.
इथं लिहिते.

ठराव एक. गाळ ज्याच्या शेतात, ट्रॉलीचं डिझेल त्याचं.
ठराव दोन. मार्गशीर्ष लागला की पाट बंद.
यावर हातेडीचे धनसिंग चौधरी उठून चालू लागले.
वीसेक पावलांवर थांबले.
काठ लांब होता, सावली कुठंच नव्हती.
परत येऊन बसले.
सूचक म्हणून मी त्यांचंच नाव घातलं.

ठराव तीनला नगराध्यक्षा शमीम तडवी
बराच वेळ हातातलं ढेकूळ कुस्करत होत्या.
मग म्हणाल्या, नाला नको लिहू बाई.
गटार लिही.
सहा महिन्यांत वळवते.
आम्ही आठ दिले, भरवसा नव्हता म्हणून.
त्यांना अकरा लागले.

तळं भरलं हे ठरवायचं कुणी?
इंजिनियरच्या पट्टीवर कुणाचा विश्वास नाही,
एकमेकांवर तर नाहीच.
रेजाबाई सभासद नव्हती,
जुनं जाळं गोळा करायला आली होती,
जाता जाता म्हणाली,
धोंडा दिसेना की समजा.

ठराव चार.
धोंडा बुडेपर्यंत ही समिती बरखास्त होणार नाही.
सर्वानुमते. दोन अंगठे, बाकी सह्या.

त्याला आता तिसरा पावसाळा.
दोनशे एकरांतलं निम्मं पाणी परत आलंय,
काठाची कपाशी पुरती उठलेली नाही,
एका रात्री पाट कुणीतरी उघडला होता,
पहाटे कुणीतरी बंद केला,
चौकशी केली नाही. केली असती तर
दोन्ही नावं एकाच घरातली निघाली असती.

दसऱ्याला जाऊन पाहिलं.
तिन्ही खुणा पाण्याखाली,
कुठली बाजू कुणाची, सांगता येईना.
वर वीतभर दगड, त्यावर एक पाणकावळा
पंख पसरून, जणू जागा त्याच्याच नावावर.

त्या वीतभरासाठी पुढची सभा सोमवारी.
कुठं, यावर वाद चालू आहे.
तळ्यात आता बसता येत नाही.