दक्षिणेचं दार

हे घर आठ महिने पडून होतं.
आपल्यातली तिघंचौघं बघून गेली होती.
वैजयंती माझ्यासोबत आली, पायरीवर उभी राहिली,
तळहातावर फोन, फोनमध्ये होकायंत्र.
‘दार दक्षिणेला आहे गं. यमाची दिशा.’
म्हटलं, त्याचा रेडा राहील बफेलोलाच,
शेनेक्टडीपर्यंत या बर्फात कोण येतंय.
ती हसली नाही.
घर नऊ हजारांनी स्वस्त पडलं.

सहा वर्षांनी, मार्चमध्ये, टेरेन्स आला.
रस्त्यावरूनच मान वर करून म्हणाला, ‘ब्यूटिफुल.’
या घराला सुंदर म्हणणारा पहिला माणूस,
आणि तोही बघत होता फक्त छप्पर.

वीज कंपनीच्या कागदावर आठ दिशा आहेत
आणि प्रत्येकीचा भाव वेगळा.
पूर्वेला कापून, पश्चिमेला जरा कमी कापून,
उत्तरेला, म्हणजे खुद्द कुबेराला, जवळजवळ काही नाही.
दक्षिणेला पूर्ण.
रकाना अकरा. मी लिहिलं: दक्षिण.
जन्मात पहिल्यांदा हा शब्द लिहिताना
मागून कुणी ‘अगं अगं’ केलं नाही.

रकाना बारा: सावली.
इथे आला मिसेस पेत्रुचेलींचा मेपल,
चौदा टक्के, दुपारी दोननंतर.
टेरेन्स म्हणाला, फांद्या उतरवल्या तर
अनुदान सहाशे वीस डॉलरनी वाढेल,
विचारून तर बघा.
गेले विचारायला.
त्या झाडाला बादली लावून बसल्या होत्या.
खोडात नळी, नळीतून थेंब,
दोन थेंबांमध्ये इतकं अंतर
की मधे त्यांच्या सासऱ्यांपासूनचा सगळा इतिहास बसला.
परत आले तेव्हा हातात पाकाची बाटली होती.
रकान्यात लिहिलं: चौदा.

मग पत्रं.
अर्ज अपूर्ण आहे. सही काळ्या शाईत हवी.
फोटोत मीटर दिसतो, मीटरचा नंबर दिसत नाही.
नंबर दिसतो, घर दिसत नाही.
तपासनीस मंगळवारी आठ ते पाचच्या मध्ये कधीही येईल.
(तो बुधवारी आला.)
ऑक्टोबरात चेक आला.
इरावतीच्या जागी ‘इरा वॅट’.
वीज कंपनीला दुसरं काय सुचणार.
बँकेतल्या मुलीने काही न विचारता जमा करून घेतला.

मग वैजयंतीचा फोन.
तिचं दार उत्तरेला, मागच्या छपरावर पाइनची रांग.
‘तुझ्या त्या टेरेन्सचा नंबर दे ना.’
दिला.
दिशेबद्दल दोघीही काही बोललो नाही.

धनत्रयोदशीला कणकेचा दिवा केला,
वात दक्षिणेकडे करून पायरीवर ठेवला.
वर्षातून एक संध्याकाळ आपण त्या बाजूला उजेड देतो,
बाकी वर्षभर तिकडे पाय करून झोपायचीही चोरी.
वर छपरावर काळ्या काचा, गार पडलेल्या.
ॲपमध्ये या क्षणाची निर्मिती: शून्य.
मिसेस पेत्रुचेली कुंपणापाशी थांबल्या.
कुणासाठी?
मी इंग्रजीत शब्द शोधले, सापडले नाहीत.
म्हटलं, जुनं खातं आहे,
थोडं थोडं भरत राहावं लागतं.
त्यांनी मान हलवली, जणू त्यांचंही होतं तिथे एक,
आणि वात विझू नये म्हणून
कोटाची कड पसरून
वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या.