बाचीजवळचा सांधा

गाडी आली तेव्हा दगड होती.
पाचशे साठ किलो, दोघांपुरती, छप्पर नाही,
कोइमतूरच्या शर्यतीसाठी कुणीतरी आवळून ठेवलेली.
तिसऱ्या गेटचे रूळ ओलांडताना
मागची चाकं क्षणभर जमीन विसरली.

मला वाटायचं, घट्ट म्हणजे चांगलं.
उद्यमबागेत वीस वर्षं लेथवर घालवली
की ढिलं काही सोसत नाही माणसाला.

सुलक्षणा मुचंडीकर सिव्हिलमध्ये भूल देतात.
म्हणाल्या, "भैरूमामा, हिला झोपवायची नाही.
फक्त कण्हू नये.
तेवढाच डोस."

साडेतीनशे पौंडांच्या स्प्रिंगा काढल्या,
सव्वादोनशेच्या घातल्या. पोट दोन बोटं वर.
मग रविवार पेठेत बटाट्याच्या वखारीतून
चार काटे आणले, मातीसकट,
चार चाकांखाली चार.
बाईंचं वजन विचारायला मी कचरलो.
त्यांनीच सांगितलं: एकाहत्तर, खोटं नाही.
इराप्पा अडुसष्ट.
त्याला सीटवर बसवून मांडीवर तीन किलोचा हातोडा दिला,
हलू नको म्हटलं.
तो झोपला.

पुढचं उजवं एकशे अडुसष्ट, डावं एकशे बावीस.
मागचं उजवं एकशे सत्तावन्न, डावं एकशे चौऱ्याऐंशी.
बाजल्याचा पाय आखूड असतो तसं.
पुढच्या उजव्या स्प्रिंगची रिंग अर्धा फेर सोडली
तर मागचं डावंही हलकं झालं,
आणि हात न लावलेली दोन जड.
दिवे लागेपर्यंत हेच.
एकशे पन्नास, एकशे चाळीस,
एकशे पंचाहत्तर, एकशे सहासष्ट.
बेरीज सकाळचीच, सहाशे एकतीस.
ओझं एका किलोनं उतरलं नव्हतं,
तिरकं उभं होतं ते सरळ उभं राहिलं, इतकंच.
इराप्पाला उठवलं.

हिंडलग्याच्या पंपावरचा पोरगा सवयीनं बत्तीस भरतो.
अठरा म्हटल्यावर त्यानं पाइप खाली ठेवला.
"पंक्चर हाय काय?"
न्हाई रे, हलकी हाय.
त्यानं भरली, खरं विश्वास ठेवला नाही.

वेंगुर्ला रस्त्यानं, बाचीच्या पुढं
कर्नाटकाचं डांबर संपतं, महाराष्ट्राचं लागतं.
मधे दोन बोटांची पायरी.
ती कुणाचीच नाही म्हणून कुणी भरत नाही.
मला तीच हवी होती.

डॅम्पर पूर्ण आवळून पहिला फेरा:
माकडहाडातली कळ दाढेपर्यंत.
पूर्ण सोडून दुसरा:
सांधा मागं पडला तरी शिनोळीपर्यंत डोलत राहिली,
जेवणावळीहून परतणाऱ्या पाहुण्यासारखी.
मग एकेक क्लिक. जायचं, वळायचं, यायचं,
स्क्रू ड्रायव्हर काढायचा, गवतात आडवं व्हायचं.

सहाव्या फेऱ्याला नाक्यावरचा हवालदार खुर्ची सोडून आला.
"एन्री, मत्त बंद्री?"
परत आलो साहेब, परत येणार.
कशाला म्हणून विचारलं त्यानं.
मराठीत सांगायला गेलो तर लांबण लागली,
मग त्याच्याच भाषेत निघालं तोंडातून,
"मेत्तग बेकु, सडिल ब्याड."
मऊ हवी, ढिली नको.
वीस वर्षं मी हे दोन शब्द एकाच डब्यात ठेवले होते.

तो हसला, आणि न विचारता शेजारी बसला.
नव्वद किलो. बटाट्याच्या काट्यांवरचा सगळा हिशेब
डावीकडं कलला.
म्हटलं असू दे, रस्त्यावर कोण एकटं असतंय?

अकरावा फेरा.
सांधा आला, गाडीनं एकदा श्वास घेतला,
सोडला, पुन्हा घेतला नाही.
हवालदाराची टोपी हलली,
पडली नाही.

तिथंच, बॉनेटवर वही ठेवून लिहिलं:
पुढं सात, मागं पाच.
बाईंना सांगायचं राहिलं,
वजन एवढंच ठेवा.