खुलासा

पैसे आले सतरा फेब्रुवारीला,
आर्थिक वर्ष जांभया देत असताना.
व्यसनमुक्ती उपचार, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण,
तीन दिवस, अनिवासी,
ताटामागे एकशे दहा, चहा दोनदा.
मार्चअखेर खर्ची टाका, नाहीतर परत पाठवा.

मी लेखा विभागातला तारू.
औंधला हॉल मी धरला, फोल्डर मी मोजले.
फ्लेक्सवाल्यानं ‘मुक्ती’ ऱ्हस्व काढली होती,
ती रात्री नारायण पेठेत त्याच्या डोक्यावर बसून
दीर्घ करून घेतली.

एकोणचाळीस जण आले,
जुन्नर, भोर, मुळशी, वेल्हे.
जेवण आहे असं कळवूनही
निम्म्यांच्या पिशवीत डबा.
सरकारी पत्रावर इतका विश्वास.

इनामदार मॅडम म्हणाल्या,
सल्ला नंतर. आधी विचारायला शिका.
‘पिता का?’ म्हटलंत की माणूस ‘नाही’ म्हणतो.
तो खोटं बोलत नसतो,
दार लावून घेत असतो.

मग जोड्या पाडल्या. एक नर्स, एक पेशंट.
एकोणचाळीसला दोननं भाग जाईना.
वेल्ह्याच्या रोहिणी बांदल एकट्या उरल्या
यकृताच्या रंगीत चित्राशेजारी.
‘तारूभाऊ, या हो जरा,
दहा मिनिटं पेशंट व्हा.’

हसलो. बसलो.
हातात केटरिंगच्या पावत्या तशाच.
बाई नवखी, ओळीवर बोट ठेवून वाचणारी,
पण विचारताना बोट उचललं तिनं, डोळेही.
‘शेवटचा घोट कधी घेतलात?’

घेता का, असं नाही.
कधी.

माझं उत्तर पाठ होतं.
घरी देतो ते, साहेबांना देतो ते,
बडीशेपेसकट तयार.
पण निघालं भलतंच:
‘आज. पावणेनऊला.
रेकॉर्ड रूममध्ये, निकाली फायलींच्या मागे.
चपटी तिथेच असते.’

आसपास एकोणीस जोड्या
खोटंखोटं खोकत होत्या,
कुणी झिंगल्याची नक्कल करत होतं,
टाळ्या पडत होत्या.
बांदलबाईंनी पेन खाली ठेवलं.
अरेरे म्हणाल्या नाहीत.
‘सकाळी हात कापतात?’
मी हात पुढे केले.
पावत्या सळसळल्या, एवढंच.

पुढचा प्रश्न त्यांनी कागदावर शोधला.
तो तिथं नव्हता.
‘एकदम सोडू नका हं, झटके येतात.
मॅडमना विचारू. आत्ताच.
पण आधी जेवून घ्या.’

प्रशिक्षणाचं मी जेवत नाही,
वीस वर्षांचा नेम.
त्या दिवशी जेवलो,
मटकीची उसळ, गार झालेली चपाती,
जिलबीचा एक वेढा.
बांदलबाई समोर बसून
स्वतःच्या डब्यातलं लोणचं वाढत राहिल्या.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही.
गोळ्या. घाम. बायकोचं न बोलणं,
मग बोलणं, ते जास्त अवघड.
जूनमध्ये एकदा घसरलो.
वेल्ह्याला फोन लावला, रेंज नव्हती.
पायरीवर बसून पुन्हा लावला.

उपयोगिता प्रमाणपत्र मीच टाइप केलं होतं:
प्रशिक्षित, एकोणचाळीस.
अखर्चित शिल्लक, निरंक.
कोण कशाला उपयोगी पडलं
यासाठी रकाना नाही.

आणि आता ऑगस्टात लेखापरीक्षण:
‘दुसऱ्या दिवशी उपस्थिती एकोणचाळीस, ताटे चाळीस.
जादा रुपये एकशे दहा कोणाच्या मंजुरीने?
खुलासा करावा.’

तीन मसुदे केले.
नजरचुकीने, हा पहिला.
निमंत्रित पाहुणे, हा दुसरा.
दोन्ही फाडले.
तिसऱ्यात लिहिलं,
सदर ताट रुग्णाचे.
मंजुरी तोंडी, सिस्टर बांदल यांची.

वसुली निघाली तर निघू दे.
एकशे दहा रुपये
शर्टाच्या वरच्या खिशात वेगळे ठेवलेत.
रोज संध्याकाळी औंधच्या चौकातून
त्या दुकानावरून घरी जातो.
अजून खिशातच आहेत.